खोडलेले दोनशे पंचावन्न

पत्त्याने मला कधी चकवले आहे, असे निदान यंदाच्या श्रावणापर्यंत तरी घडले नव्हते. कारणही तसेच आहे. उभी हयात मी पत्ते वाचण्यात घालवली. १९७१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मी टपालखात्याच्या आरएमएसमध्ये सॉर्टर म्हणून लागलो आणि पुढची अडतीस वर्षे, कधी रात्रीच्या गाडीच्या हलत्या डब्यात तर कधी स्टेशनावरच्या कचेरीत, उभा राहून पत्रे खणांत टाकीत राहिलो. आमचे सासरे चारचौघांत सांगत, "जावई रात्रभर लोकांची पत्रं वाचतात आणि वर त्याचा पगार घेतात!" लोकांचे पत्र मी एकही वाचले नाही; पत्ता मात्र एकही सोडला नाही. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाशेजारी, विहिरीवरून डाव्या हाताला’ असल्या पत्त्याचे पाकीटही माझ्या हातून बिनचूक मार्गी लागले आहे. चुकलेला पत्ता दुरुस्त करून पत्र पुढे धाडणे हा तर माझ्या हातचा मळ.

अशा माणसाला वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका पत्त्याने आठ दिवस घोळसावे, आणि तोही समोरच्या बिऱ्हाडातल्या, दहा पावलांवरच्या यंत्राच्या पत्त्याने, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हे. तरी सांगतो आहे. कारण त्या आठ दिवसांत मी थोडे गणित शिकलो आणि गणिताच्या पलीकडचेही थोडे शिकलो. पहिले शिकायला एक संध्याकाळ पुरली. दुसरे शिकायला शहात्तर वर्षे लागली, असे म्हटले तरी चालेल.

सदाशिव पेठेत आमचा वाडा होता. आता त्या जागी पाच मजली इमारत उभी आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघे भाऊ समोरासमोर राहतो. मध्ये लिफ्ट आणि दहा पावलांचा पॅसेज. धाकटा गणिताचा मास्तर. निवृत्त झाला, पण शिकवणी सुटली नाही. संध्याकाळी त्याच्याकडे पोरांची ही गर्दी असते. त्याची मुलगी, माझी पुतणी, बंगळूरला असते. संगणकांची जाळी विणणे हा तिचा व्यवसाय. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा तिने दोन घरांना मिळून इंटरनेटची एकच जोडणी घेतली. खर्च निम्मा निम्मा. राउटर नावाची पेटी धाकट्याच्या दिवाणखान्यात बसली, तिथून एक तार आमच्याकडे आली. प्रिंटर धाकट्याकडेच होता. पोरांच्या प्रश्नपत्रिका त्याला छापाव्या लागतात.

"काका," ती मला म्हणाली, "दोन घरं मी दोन वेगळ्या जाळ्यांत ठेवते हं. बाबांकडे शिकवणीची पोरं येतात, त्यांच्या फोनमध्ये काय काय असेल कोण जाणे! तुमच्या कॉम्प्युटरवर पेन्शनचं, बँकेचं सगळं असतं. तिकडचं काही इकडे यायला नको. फक्त तुमच्या कॉम्प्युटरला बाबांच्या प्रिंटरपर्यंत जायची परवानगी देऊन ठेवते. त्यासाठी तुमचा पत्ता मात्र कायमचा ठरवून टाकू."

खरे सांगायचे तर मला ते रुचले नाही. वाडा पडला तेव्हा चुली वेगळ्या झाल्याच होत्या. आता तारांचीही वाटणी झाली! पण पोरीच्या धंद्यातले आपल्याला काय कळते, म्हणून गप्प बसलो. तिने वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. माझ्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२०. माझ्या बाजूचे दार, म्हणजे राउटर, १९२.१६८.१.१. धाकट्याच्या प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.२.५०. आणि या सगळ्यांत ‘मास्क’ या नावापुढे एक विचित्र आकडा: २५५.२५५.२५५.०. पान मी पोथीत ठेवून दिले.

आता मधली एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाड्याच्या माजघरात आमचा शिसवी झोपाळा होता. आईचे सगळे आयुष्य त्या झोपाळ्यावर गेले. निवडणे-टिपणे त्यावर, दुपारची पोथी त्यावर, आणि संध्याकाळी आम्हां भावांची भांडणे मिटवणेही त्यावरच. वाडा पडला तेव्हा झोपाळा धाकट्याकडे गेला, कारण त्याचा दिवाणखाना मोठा. यंदा आषाढात एके सकाळी दूध घ्यायला दार उघडतो तो काय, दोन माणसे झोपाळ्याची फळी जिन्यावरून खाली नेत आहेत! मला विचारणे नाही, सांगणे नाही. मी दार लावून घेतले आणि हिला म्हटले, "पाहिलंस? आईचा झोपाळा विकला!" त्या दिवसापासून मी समोरचा उंबरठा ओलांडला नाही.

यंदा आई असती तर शंभरीची झाली असती. तिचा जन्म गोकुळअष्टमीचा. तिची एक हिशेबाची वही माझ्याकडे आहे. हिशेब थोडा, पण मधल्या पानांतून तिने पदार्थ लिहून ठेवले आहेत. त्यांत ‘धाकट्याला तिखट चालत नाही’ असल्या सूचनाही आहेत. ती वही मी चार महिने खपून संगणकावर उतरवली होती. अष्टमीला तिच्या बारा प्रती काढून घरातल्यांना, सासरी गेलेल्या पोरींना द्यायच्या असे ठरले होते. आणि श्रावण लागताच संगणक आजारी पडला.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा त्याला धुऊनपुसून परत घेऊन आला. "आजोबा, आतलं सगळं नवं घातलंय. नेटचे आकडे तेवढे तुम्ही भरा," म्हणाला आणि गेला. मी पोथीतले पान काढले, चष्मा लावला आणि आकडे भरू लागलो. पत्ता भरला. दार भरले. मास्कपाशी आलो आणि थबकलो. २५५, २५५, पुन्हा २५५! एकच आकडा तीनदा? अडतीस वर्षे लोकांचे हस्तदोष पाहिलेला मी. पोरीने घाईघाईत एक २५५ जास्तीचे ओढले, हे माझ्या अनुभवी नजरेने तत्काळ ओळखले. मी पेन घेऊन ते खोडले आणि संगणकाच्या चार रकान्यांत लिहिले: २५५.२५५.०.०. दोन २५५, दोन शून्ये. डोळ्यांना कसे प्रमाणबद्ध दिसले!

आणि सगळे चालू झाले. बँक उघडली, बातम्या आल्या, मेलबर्नचा मुलगा पडद्यावर येऊन बोलून गेला. फक्त प्रिंटर सापडेना. संगणक एकच पालुपद लावून बसला: प्रिंटरशी संपर्क होत नाही.

आता तुम्हीच विचार करा. मेलबर्नपर्यंतची वाट मोकळी आणि दहा पावलांवरची तेवढी बंद. पेटी कुणाच्या दिवाणखान्यात? धाकट्याच्या. प्रिंटर कुणाचा? त्याचाच. झोपाळा कुणी विकला? यावरून निष्कर्ष काय निघतो, हे सांगायला गणिताचा मास्तर नको. मी हिला म्हटले, "त्यानं मुद्दाम बंद केलंय. आईच्या वहीसाठीसुद्धा त्याचा प्रिंटर आपल्याला मिळू नये!"

ही म्हणाली, "अहो, मग जाऊन विचारा ना. समोरच तर आहेत."

"मी का विचारू? त्याला कळत नाही? सख्खा भाऊ आहे माझा!"

आठ दिवस मी आमच्या घरात बोलत होतो. मोठ्याने बोलत होतो, म्हणजे पलीकडे ऐकू जावे. भिंतींना कान असतात म्हणतात. सिमेंटच्या भिंतींना ते नसावेत. अष्टमी चार दिवसांवर आली. शेवटी पुतणीचाच फोन आला, "काका, आजीची वही छापून झाली?" मी सगळे भडाभडा ओकलो. झोपाळ्यापासून प्रिंटरपर्यंत.

तिने झोपाळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "संगणकासमोर बसा," म्हणाली. "आता काळी खिडकी उघडा. त्यात ‘पिंग’ असं लिहा आणि पुढे प्रिंटरचा पत्ता. पिंग म्हणजे नुसती हाक असते. तिकडे कुणी असलं तर ओ देतं."

मी हाक मारली. उत्तर आले. पडद्यावर इंग्रजीत उमटले त्याचा अर्थ असा होता: १९२.१६८.१.२० कडून उत्तर: इच्छित ठिकाणी पोचता येत नाही.

"बघ!" मी विजयी मुद्रेने ओरडलो. "मी म्हणत नव्हतो? तिकडून चक्क नकार आला!"

"काका," पोरगी शांतपणे म्हणाली, "उत्तर कुणी दिलंय ते वाचा."

मी वाचले. १९२.१६८.१.२०. हा पत्ता धाकट्याच्या प्रिंटरचा नव्हता. तो माझाच होता. अडतीस वर्षे पाकिटे हाताळलेल्या माणसाने पाठवणाऱ्याचा पत्ताच पाहिला नव्हता! पोचता येत नाही असे मला माझेच यंत्र सांगत होते. समोरून कुणी हो म्हटले नव्हते, तसे नाहीही म्हटले नव्हते.

"मास्कपुढे काय लिहिलंय?" तिने विचारले.

"ते तू तीनदा लिहिलं होतंस. मी एक दुरुस्त केलं," मी सांगितले.

फोनवर थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग हसण्याचा आवाज आला. मास्क म्हटला की मला २०२० सालातला नाकावरचा फडका आठवतो. हा मास्क तसा नव्हे, असे सांगून त्या संध्याकाळी तिने मला जे समजावले, ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत तुम्हांला सांगतो.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. त्याआधी आम्हां सॉर्टरांची सगळी भिस्त पाठांतरावर. एका नावाची गावे अनेक, आणि पत्त्याचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! पिनकोड आला आणि काम सहा अंकांवर आले. आमच्या पेठेचा पिनकोड ४११०३०. नागपूरच्या सॉर्टरने त्यातले फक्त ४११ पाहायचे आणि पत्र पुण्याच्या थैलीत टाकायचे. पुढच्या ०३० शी त्याला कर्तव्य नाही. पत्र पुण्यात पोचले की मग ०३० पाहायचे, म्हणजे कोणते टपालघर ते कळते. अंक सहा, पण त्यांच्या मधोमध एक न दिसणारी रेघ आहे. डावीकडे जिल्हा, उजवीकडे टपालघर. ती रेघ कुणी काढून दाखवीत नाही, कारण तिची जागा ठरलेली आहे आणि साऱ्या सॉर्टरांना ती पाठ आहे.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला असाच आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे, प्रत्येक शून्यापासून २५५ पर्यंत, मध्ये टिंबे. त्यातही अशीच अदृश्य रेघ असते. डावीकडचा भाग म्हणजे जाळे, उजवीकडचा भाग म्हणजे त्या जाळ्यातले यंत्र. डावा भाग वाड्याचा, उजवा खोलीचा म्हणा. पण पिनकोडात आणि यात एक मोठा फरक आहे. इथे रेघेची जागा ठरलेली नाही! नुसता पत्ता पाहून वाडा कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते, हे कळत नाही. ते वेगळे सांगावे लागते, आणि ते सांगणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क.

असे घोटाळ्याचे कशाला केले, असे मीही विचारले. त्याची कथा अशी. हे पत्त्यांचे नियम अमेरिकेत १९८१ सालच्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ पासून तिथल्या आर्पानेट या सरकारी जाळ्याने ते पत्करले. तेव्हा रेघेच्या तीन जागा ठरलेल्या होत्या: पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या आकड्यानंतर. पहिल्या प्रकारच्या जाळ्यात १ कोटी ६७ लाखांवर यंत्रे मावत, दुसऱ्यात ६५,५३४ आणि तिसऱ्यात २५४. आता ज्या संस्थेकडे तीनशे यंत्रे असतील तिने काय करावे? चार माणसांच्या बिऱ्हाडाला एक तर नुसती मोरी द्यायची, नाही तर अख्खी चाळ, असला तो हिशेब. शिवाय ज्याला अख्खी चाळ मिळाली त्याला तिचे मजले पाडण्याची रीतसर सोय नव्हती. १९८५ साली मास्कचा नियम आला, आणि ज्याला जसे हवे तसे त्याने आपल्या जाळ्याचे पोटभाग पाडावेत अशी सोय झाली. १९९३ साली त्या तीन ठरीव जागाही गेल्या. आता रेघ वाटेल तिथे ओढा. फक्त कुठे ओढली ते मास्कमध्ये लिहा.

लिहायचे कसे, याचीच खरी गंमत आहे. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून पणत्यांचा दाखला देतो. आठ पणत्या एका ओळीत मांडा. डावीकडून पहिलीची किंमत १२८, मग ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटची १. पेटलेल्या पणत्यांची किंमत मोजायची, विझलेल्यांची सोडून द्यायची. सगळ्या विझल्या तर शून्य. सगळ्या पेटल्या तर बेरीज करून पाहा, २५५ येते. पहिल्या दोनच पेटल्या तर १९२. पहिली, तिसरी आणि पाचवी पेटली तर १६८. यंत्राला दिवे मोजता येतात, आकडे आपल्या सोयीचे. अशा चार ओळी, बत्तीस पणत्या, म्हणजे एक पत्ता. बत्तीस पणत्यांच्या निरनिराळ्या मांडण्या होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६.

मास्क म्हणजे आणखी बत्तीस पणत्या, पत्त्याच्या पणत्यांखाली मांडलेल्या. नियम एकच. खालची पणती पेटलेली असेल तर तिच्या उजेडात वरची पाहायची. खालची विझलेली असेल तर वरचीकडे काणाडोळा करायचा. २५५.२५५.२५५.० म्हणजे खालच्या पहिल्या चोवीस पेटलेल्या, शेवटच्या आठ विझलेल्या. त्या उजेडात माझ्या पत्त्यातले १९२.१६८.१ एवढेच दिसते. प्रिंटरच्या पत्त्यातले १९२.१६८.२ एवढेच दिसते. दोन्ही निराळे. तेव्हा यंत्र म्हणते, हा आपल्या घरातला नव्हे. पाकीट दारावर नेऊन द्या, पुढचे राउटर पाहून घेईल. काही धाडण्यापूर्वी यंत्राला हा एकच प्रश्न सोडवायचा असतो: समोरचा घरातला की बाहेरचा? मास्कचे काम एवढेच. तो काही झाकत नाही. आपले कोण ते दाखवतो.

आता माझी दुरुस्ती पाहा. तिसरे २५५ मी खोडले, म्हणजे आठ पणत्या विझवल्या. उरलेल्या सोळांच्या उजेडात माझ्या पत्त्यातले १९२.१६८ दिसते आणि प्रिंटरच्या पत्त्यातलेही १९२.१६८ च दिसते. यंत्राने अर्थातच ठरवले, हा तर घरातलाच! आणि घरातल्यासाठी कुणी दारावर जात नाही. घरातल्याला घरात हाक मारतात. माझे यंत्र माझ्याच तारेवर ओरडत राहिले, "१९२.१६८.२.५० कोण आहे? ओ द्या!" आमच्या घरातली सगळी यंत्रे ती हाक ऐकत होती आणि गप्प बसत होती, कारण त्यांच्यात त्या पत्त्याचे कुणी नव्हतेच. राउटरही ही हाक दाराबाहेर नेत नाही. घरातली हाक घरातच ठेवण्याची त्याची रीत. थोडी वाट पाहून यंत्राने आपले आपणच जाहीर केले, पोचता येत नाही. मेलबर्नचे मात्र ठीक चालले, कारण तिकडच्या पत्त्यांचे पहिले दोन आकडेच निराळे. ते बाहेरचे हे मिणमिणत्या उजेडातही कळते. परका तो परका, म्हणून त्याच्यासाठी दारापर्यंत जाणे झाले. सगळा घोटाळा झाला तो जवळच्याचा.

"पण बाई," मी म्हटले, "दोन्ही घरांना १९२.१६८ कशाला दिलंस? जरा निराळे आकडे दिले असतेस!"

"ते माझ्या हातात नाही, काका. घरोघरी तेच असतं."

तेही खरे निघाले. ४२९ कोटी ही संख्या १९८१ साली अफाट वाटली असेल, पण जग तिला पुरून उरले. १९९६ साली पक्के ठरले की काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवावेत. ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर मात्र ते चालायचे नाहीत. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे त्यांतले. ‘दुसरा मजला, खोली नंबर पाच’ हा पत्ता जसा प्रत्येक चाळीत असतो, तसाच हा. पाकीट घराबाहेर पडताना राउटर त्यावरचा घरगुती पत्ता काढून बाहेरचा घालतो, आणि उत्तर आले की ज्याचे त्याला देतो. घरोघरी मातीच्या चुली तसे घरोघरी १९२.१६८! एवढी काटकसर करूनही ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पत्ते वाटून झाले. आता बत्तीसऐवजी एकशे अठ्ठावीस पणत्यांचे नवे पत्ते आले आहेत. जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदत आहेत, आमच्या पिढीसारखे.

हे सगळे ऐकताना मला मजा येत होती. सॉर्टरच्या जिवाला पत्त्याची गोष्ट सांगितली की तो रंगतोच. मी मास्कच्या तिसऱ्या रकान्यातले शून्य पुसून २५५ लिहिले आणि पुन्हा हाक मारली. या वेळी १९२.१६८.२.५० ने स्वतः ओ दिली. मी विचारले, "पण माझं चुकलं हे आठ दिवसांत कुठल्याच यंत्राला कसं कळलं नाही? राउटरनं तरी सांगायचं!"

"कसं कळणार?" पुतणी म्हणाली. "पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो. मास्क पाकिटावर लिहिलेलाच नसतो. तो ज्याचा त्याच्या यंत्रात. तुमच्या यंत्रानं कुणाला घरातलं धरलंय, हे बाहेर कुणाला दिसत नाही. आणि काका, बाबांच्या प्रिंटरला तर तुम्ही हाक मारलीत हेसुद्धा माहीत नाही. ती तुमच्या घराबाहेर गेलीच नव्हती."

ती प्रिंटरबद्दलच बोलत होती. निदान मी तसे समजलो असे दाखवले.

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तसाच बसलो. आषाढापासून मी काय करीत होतो? झोपाळा गेला, मला लागले; पण ते मी कुणाला सांगितले? हिला. भिंतींना. आठ दिवस घरातल्या घरात हाका मारल्या. तो माझा सख्खा भाऊ, एका माजघरात वाढलेला, त्याला न सांगता कळलेच पाहिजे, असे मी धरून बसलो. एखाद्या परक्याने माझी वस्तू परस्पर विकली असती तर मी सरळ जाऊन घंटा वाजवली असती. भावासाठी दहा पावले चाललो नाही, कारण माझ्या हिशेबी तो अजून वाड्यातच होता. वाडा पडून किती वर्षे झाली! आणि तिकडून ओ आली नाही तेव्हा ‘पोचता येत नाही’ हे उत्तर मीच मला दिले आणि सही मात्र त्याची आहे असे समजलो.

छापण्याची कळ मी दाबली नाही. चपला घातल्या आणि पॅसेज ओलांडला. धाकट्याचे दार शिकवणीच्या वेळी उघडेच असते. तरी मी घंटा वाजवली.

"दादा? घंटा कसली वाजवतोस? ये की," तो म्हणाला. पोरांना एक गणित घालून तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. मी म्हटले, "तुला विचारायचं होतं. झोपाळा का विकलास?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "विकला? अरे, फळी वाळवीनं पोखरली होती. शिकवणीची पोरं त्यावर बसतात. एक दिवस कुणीतरी खाली आलं असतं. सुतार म्हणाला, आता ही जळणालासुद्धा धड नाही. घेऊन जा म्हटलं त्यालाच."

"मला विचारायचं नाही?"

"विचारायचं काय त्यात! घरातली गोष्ट. तुला मी वेगळा धरतो का?" तो म्हणाला, आणि मग थोडा थांबून, "तू यायचा बंद झालास, तेव्हा वाटलं, आईच्या वहीच्या कामात असशील."

म्हणजे त्यानेही एक २५५ खोडलेले होते! मी त्याला घरातला धरून सांगितले नाही, आणि त्याने मला घरातला धरून विचारले नाही. गणिताच्या मास्तरालाही बेरीज चुकली याचे, खोटे का बोला, मला जरा बरेच वाटले.

त्याने पलंगाखालून एक पिशवी ओढली. तिच्यात झोपाळ्याच्या चारही पितळी कड्या होत्या, चिंचेने घासून लख्ख केलेल्या. "दोन तुझ्या, दोन माझ्या," तो म्हणाला.

"चारही तुझ्याकडेच राहू देत," मी म्हटले. "दोन कड्यांवर कुणाचा झोपाळा टांगला गेलाय?"

झोपाळा गेला तो गेलाच. त्याची रुखरुख आहे आणि ती राहील. आधी विचारले असते तर निदान एकदा त्यावर बसून घेतले असते, हे मी त्याला बोलूनही दाखवले. तो काही बोलला नाही. मग घरी येऊन मी कळ दाबली आणि आईची वही समोरच्या घरात छापून निघू लागली. पंधरा मिनिटांनी धाकटा स्वतः पहिली प्रत घेऊन आमच्या दारात उभा राहिला. ‘धाकट्याला तिखट चालत नाही’ या ओळीवर त्याने बोट ठेवले होते. चष्मा मात्र काढून हातात धरला होता.

पुतणीने दोन घरे दोन जाळ्यांत का ठेवली, हे मला आता पटते. जाळी वेगळी असणे म्हणजे दुरावा नव्हे. मध्ये दार असावे आणि दारापर्यंत जाण्याची बुद्धी असावी. वहीच्या पानावर खोडलेले २५५ मी पुन्हा ठळक शाईने लिहिले आहे आणि पान पोथीत ठेवले आहे. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन समोर जाईन तेव्हा धाकट्याचे दार उघडेच असेल. तरी मी घंटा वाजवणार आहे.